जास्तीचा पाटा

अहो, तुम्ही गेल्यावर घरी जी माणसं भेटायला आली, त्यांतल्या बहुतेकांनी आधी मला पाहिलं आणि मग मान वळवून मांगराच्या छपराखाली उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला पाहिलं. मला बिचारीला बघून जीभ चुकचुकली, तशीच गाडीला बघूनही चुकचुकली. आम्हा दोघींचं आता कसं होणार, ही काळजी प्रत्येकाच्या तोंडावर होती. चहा मात्र मीच करत होते.

तेरावं झालं. पाहुणे पांगले. तुमचे धाकटे भाऊ, विश्वासभावोजी, तेवढे मुंबईची रजा वाढवून राहिलेत. तंत्रशाळेतल्या तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांनी इथल्या पेपरात चार ओळी छापून आणल्या. पत्रेकाम शिकवणारे, शिस्तीचे, मनमिळाऊ नाना. मनमिळाऊ हा शब्द वाचून मला हसू आलं, आणि हसता हसता असं रडू आलं की भावोजींनी पेपर घडी करून फडताळावर ठेवून दिला. पेपरातलं सगळं खरं आहे, पण त्यातलं काही मला लिहायचं नाही. माझं तुमच्याशी भांडण अर्धं राहिलंय. तुम्ही मधेच उठून गेलात, ही तुमची जुनीच खोड, पण या वेळी परत येऊन "बरं, काय म्हणत होतीस?" असं विचारणार नाही आहात. म्हणून माझं मीच पुढे बोलते.

आपलं लग्न झालं तेव्हा ती गाडी म्हणजे मांगरात उभा असलेला नुसता सांगाडा होता. मुंबईच्या कुणा माणसाची जुनी दोन दारांची गाडी, खाऱ्या हवेनं तिचा पत्रा पार खाल्लेला. "हिचं बरं आहे," तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात सांगितलंत, "हिचा सांगाडा वेगळा आणि अंग वेगळं. अंग काढून टाकलं तरी ती चालते." आणि खरंच लाकडी स्टुलावर बसून, अंग नसलेली ती गाडी तुम्ही खळ्यात गोल फिरवून दाखवलीत. मी नव्या नवरीची लाज बाळगून उभी होते, नाहीतर तेव्हाच माहेरी परत गेले असते.

मामंजी होड्या बांधायचे. त्यांच्याच मांगरात, त्यांच्याच फळ्यांवर तुम्ही पत्रा ठोकायला घेतलात. शाळा सुटली की ठोकठोक सुरू. हळूहळू एक बुटकी, लांब नाकाची, बिनछपराची, दोन माणसांची गाडी उभी राहिली. नाक अगदी होडीच्या नाळेसारखं, म्हणून गावानं तिचं नाव होडी ठेवलं. तुम्हाला ते आवडत नसे. "स्पोर्ट्स कार आहे ती," तुम्ही प्रत्येकाला सांगायचात.

"असंल," तुमच्या आई म्हणाल्या, "पण आंब्याच्या पेट्या ऱ्हातील काय त्यात?"

पेट्यांचा प्रश्न त्यांचा नव्हता, माझा होता. बाग मी बघत होते. तुम्ही शाळेत पोरांना पत्रा वाकवायला शिकवत होतात आणि मी कलमांवर चढलेल्या गड्यांवर ओरडत होते. मोसमात पेट्या हायवेवरच्या हातखंब्यापर्यंत न्यायच्या, तिथे मुंबईच्या ट्रकमध्ये चढवायच्या. घरात चारचाकी असताना मी दुसऱ्याच्या जीपची वाट का बघू? आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक होती. फाल्गुन लागला की ज्याच्याकडे म्हणून गाडी आहे तो पाटेवाल्याकडे जातो आणि मागच्या पाट्यांत एक जास्तीचा पाटा घालून घेतो. जीपवाला घालतो, टेम्पोवाला घालतो, डॉक्टरही आपल्या गाडीला घालतात, कारण त्यांच्या सासऱ्यांची बाग आहे. त्या दिवसांत ज्याची गाडी मागून उचललेली दिसत नाही त्याला लोक विचारतात, यंदा मोहर गळला काय?

मी म्हटलं, पाटा घाला. तुम्ही म्हणालात, स्पोर्ट्स कारला कोणी पेट्यांसाठी पाटा घालतं का. मी म्हटलं, मग ती खेळू दे अंगणात. तुम्ही मुकाट्यानं हातखंब्याला पाटेवाल्या हुसेनभाईंकडे गेलात आणि आपल्या स्पोर्ट्स कारला जास्तीचा पाटा बसला. जगात दुसऱ्या कुठे असं झालं असेल असं मला वाटत नाही.

आता न जाणणाऱ्यांसाठी सांगते. पाटे म्हणजे एकावर एक बांधलेल्या, कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. गाडीचं वजन त्यांच्यावर. आपल्या गाडीत ही कमान मागच्या बाजूला आडवी, एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत. एक पट्टी जास्त घातली की कमान कडक होते आणि गाडीचा पार्श्वभाग वर उचलला जातो. वरून पेट्या पडल्या की तो बरोबर जागेवर येतो. हे गणित सरळ होतं. तुमच्या चाकांचं गणित वेगळं होतं, ते आपल्याला नंतर कळलं.

भरलेली गाडी वळणात कशी जायची, नाही? रस्त्याला चिकटून. पेट्या पोचवून रिकामी परत येताना मात्र तिची शेपूट हलकी व्हायची, दर वळणाला मागून कुणी ढकलल्यासारखी. गावात म्हणच पडली, "नानांची होडी भरली की शानी, रिकामी की खुळी." तुम्ही हसण्यावारी न्यायचात.

मग तो दिवस. आपण पेट्या चढवून परत येत होतो. हातखंबा मागे टाकल्यावर काजूंच्या मधून उतरतं ते उजवं वळण. तुम्ही जोरातच होतात. अर्ध्या वळणात समोर बैलगाडी दिसली आणि तुम्ही ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलात. एवढंच केलंत. माझ्या कमरेला आधी कळलं. बूड खालून कुणीतरी उचललं, माझ्या खालचं चाक आत दुमडल्यासारखं वाटलं आणि गाडीची शेपूट नाकाच्या पुढे जायला निघाली. थांबलो तेव्हा आपलं तोंड परत हातखंब्याकडे होतं आणि शेपूट काजूच्या झुडपात. बैलगाडीवाला थांबून बघत होता. मी डोळ्यांवरचे केस अजून बाजूला केले नव्हते, आणि तुम्ही उतरून, गाडीला वळसा घालून, माझ्या बाजूच्या चाकाशी आडवे झाला होतात.

मी तुमच्याशी बोलणं टाकलं. बरेच दिवस टाकलं. शेवटी एकदा जेवताना मीच विचारलं, "बायको आधी की चाक आधी?"

तुम्ही भातावर सोलकढी ओतत होतात. वर न बघता म्हणालात, "तू शिव्या देत होतीस, म्हणजे धड होतीस. चाक काही बोलत नव्हतं."

तुम्ही गेल्यावर भेटायला आलेल्या प्रत्येकाला मी ही गोष्ट सांगितली. सगळे हसले. हसल्यावर माणसं जरा जेवली.

त्यानंतर एका रविवारी तुम्ही मला समुद्राच्या पुळणीवर घेऊन गेलात. मला वाटलं समेट करायला. तुम्ही वाळूत एक कुर्ली, खेकडी, शोधलीत आणि काडीनं तिला डिवचलंत. तिनं अंग वर उचललं तसे तिचे पाय पोटाखाली आले. "आता बघ," म्हणालात आणि काडीनं बाजूनं ढकललंत. ती कोलमडली. मग तिच्या पाठीवर काडी हलकेच दाबलीत. ती खाली बसली, पाय फाकले, आणि मग कितीही ढकला, जागची हलेना.

"आपली मागची चाकं अशीच आहेत," तुम्ही सांगितलंत. मधे बिजागरीसारखा सांधा, दोन बाजूंना दोन दांडे, दांड्याच्या टोकाला चाक. गाडीचं अंग वर उठलं की दोन्ही चाकांचे तळ आत पोटाखाली येतात. वळणात पाय काढला की वजन पुढे धावतं, मागचं अंग हलकं होऊन उठतं, बाहेरचं चाक पोटाखाली जातं आणि टायर कडेवर उभा राहतो. "कडेवर उभा टायर काय धरणार? आणि आपण तर जास्तीचा पाटा घालून तिला मुळातच उचलून ठेवली आहे. पेट्या पडल्या की बसते, चाकं फाकतात. म्हणून भरलेली शहाणी."

"म्हणजे चूक माझ्या आंब्यांची?"

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हणालात."

कुर्ली तुम्ही सोडून दिलीत. मला तिचं कालवण करायचं होतं.

पुढची सगळी वर्षं आपण हेच भांडलो. दसरा झाला की तुम्ही म्हणायचात, यंदा तो पाटा काढूया. मी म्हणायचे, आता काढायचा आणि फाल्गुनात परत घालायचा, त्यापेक्षा राहू दे. फाल्गुनात तर बोलायची सोयच नव्हती. "पाटा काढला तर पेट्या टेकतील," मी. "पाटा ठेवला तर आपण टेकू," तुम्ही. तुम्ही त्यावर तोडगा काढलात तो पायाचा. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा आणि वळणात शिरलं की पाय होता तिथे ठेवायचा, घट्ट नाही, सैल नाही, आणि काही झालं तरी काढायचा नाही. तुम्हाला ते सुरेख जमलं. गाडी पुन्हा कधी फिरली नाही. पण त्यात तुम्हाला सुख नव्हतं. "हे मी गाडीच्या कलानं घेणं झालं," म्हणायचात. "हिचं मागचं अंग एकदा तरी रिकाम्या गाडीत, त्या वळणात, गप्प बसलेलं मला बघायचंय. मग मेलो तरी चालेल."

मेलो तरी चालेल हे तुम्ही लोणच्यालाही म्हणायचात, म्हणून मी मनावर घेतलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर शाळेच्या वर्कशॉपमध्ये पत्रा वाकवताना तुमच्या छातीत कळ आली. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं, वजन उचलणं बंद केलं, भांडणंही बंद करा म्हणाले. तुम्ही हे सगळं शेजारच्या पोराला पडलेला ओरडा ऐकावा तसं ऐकून घेतलंत आणि घरी आल्यावर किल्ली माझ्या हातात ठेवलीत. "आता तू चालव. मी शेजारी बसतो."

चालवता मला येत होतं. अलोऱ्याच्या कॉलनीत माझ्या बहिणीकडे जायचो तेव्हा तिथल्या मोकळ्या, सरळ रस्त्यांवर तुम्हीच शिकवलं होतंत. पण ते वळण वेगळं.

"पाय ठेव."

"समोर वळण आहे."

"म्हणूनच ठेव."

मी काढायचेच. दर वेळी. माझा वेग तो काय, त्यामुळे गाडी नुसती मागून शहारायची आणि पुढे जायची. पण तुम्ही कपाळाला हात लावायचात. एकदा मी काजूखाली गाडी थांबवली आणि आपण दोघंही डॉक्टरांचं तिसरं पथ्य मोडलं.

"तुझा गाडीवर विश्वास नाही," तुम्ही म्हणालात.

"माझा तुमच्या छातीवर विश्वास नाही."

तोवर ते आपण कुणी मोठ्यानं बोललो नव्हतो. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले, आणि तुम्ही खिसे चाचपून मला डोळे पुसायला ऑइलचा बोळा दिलात. माझं तोंड काळं झालं. तुम्ही हसलात. मग मला जे म्हणायचं होतं ते मी म्हटलं, इतक्या वर्षांनी. "काढा तो पाटा. यंदा आंबा टेम्पोनं जाईल."

तुम्ही माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलंत, तसं लग्नात अंतरपाट दूर झाल्यावरही पाहिलं नव्हतंत. आभार वगैरे काही नाही. "हुसेनभाई शुक्रवारी बंद ठेवतात," म्हणालात. "गुरुवारी जाऊ."

हुसेनभाईंना आधी वाटलं तुम्ही चेष्टा करताय. "ह्या दिवसांत सगळे घालाय येतात, नाना. तुम्ही काढाय?" तुम्ही त्यांना समजावलंत की नुसता काढून भागणार नाही. ही गाडी यापुढे आम्हा दोघांना घेऊन जाणार, पेट्या नाहीत, तेव्हा आमच्या दोघांच्या वजनाला मागची चाकं खालून किंचित फाकलेली राहिली पाहिजेत, तेवढ्या बेतानं कमान बांधा. मग मला विचारलंत, "तुझं वजन किती?" मी म्हटलं, सांगणार नाही. पाट्यासाठी बायकोचं वजन विचारणारा नवरा मी दुसरा पाहिला नाही. तुम्ही शेजारच्या वखारीतल्या काट्यावर मला उभं केलंत आणि हातखंब्याच्या अर्ध्या नाक्यानं ते पाहिलं.

मग आपण दोघं गाडीत बसायचं, हुसेनभाई मडगार्डवरून चाकासमोर गवंड्याचा ओळंबा सोडायचे आणि दोरी व टायरमधलं अंतर वर किती, खाली किती ते बघायचे. मग आपण उतरायचं, ते कमान सोडायचे, काहीतरी करायचे, बांधायचे. परत बसा. परत उतरा. संध्याकाळ होत आली तरी तुमचा उत्साह संपेना. मी पदराची गाठ सोडून तुमची गोळी काढली आणि चहाबरोबर दिली, तीही तुम्ही कुरकुर न करता घेतलीत.

परत येताना ते वळण आलं. रस्ता मोकळा होता. तुम्ही "पाय ठेव" म्हणाला नाहीत. मी ठेवला. वेगही ठेवला, छातीवर दगड ठेवून, तुमच्या म्हणा किंवा माझ्या. नाक वळलं, आणि मागचं अंग उठलं नाही. ते खाली बसलं आणि बसूनच राहिलं. तुमच्या बाजूचं चाक रस्ता धरून गोल फिरत गेलं आणि आपण वळणातून बाहेर आलो.

तुम्ही म्हणालात, "हं."

इतकी वर्षं भांडून शेवटी हं. थोडं पुढे आल्यावर "थांबव" म्हणालात. मी घाबरले, मला छातीचं वाटलं. तुम्ही उतरलात आणि गाडीला वळसा घालून आलात, पण या वेळी चाकाकडे गेला नाहीत. माझ्या बाजूला येऊन उभे राहिलात आणि विचारलंत, "भीती वाटली?"

मी नाही म्हटलं. ते खरंच होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की त्या वळणात मला जेवढा आनंद झाला तेवढा संसारात कधी झाला नव्हता. मुलं न झालेल्या घरात लोक ज्या नजरेनं बघतात, बागेची दुखणी, तुमचं दुखणं, सगळं बाजूला पडलं आणि नुसतं ते गोल जाणं उरलं, शेजारी तुम्ही. हे मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही रोज न्यायला लावलं असतंत. आता सांगते. तुम्ही मला ती गाडी दिलीत, ते वळण दिलंत, फार मोठं दिलंत.

त्या वळणावर परत जायचं ठरत होतं, राहिलं. तुम्ही गेलात तेव्हा मी बागेत होते, पहिली काढणी चालू होती. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. गडी धावत आला आणि मी हातातला आंबा खाली न टाकता घरी आले, एवढं आठवतं.

परवा भावोजींनी मुंबईला ट्रंककॉल लावून गाडीला गिऱ्हाईक ठरवलं. मनाचे चांगले आहेत ते. "वहिनी, आता नव्या छोट्या गाड्या आल्यात," म्हणाले, "तुमचा नंबर लावून ठेवतो. ही नको. हिचं मागचं अंग धड नाही, दादालाच आवरायची नाही." मी म्हटलं, आता मागचं अंग धड आहे. मी हातखंब्यापर्यंत एकदा जाऊन येते, मग बोलू. ते बरोबर यायला निघाले. मी नको म्हटलं. मला बघायचं होतं की ही गाडी माझी आहे की नाही. नसली तर तिनं मुंबईला जावं, मी रडणार नाही, असं ठरवूनच निघाले.

हातखंब्याला जाऊन गाडी वळवली आणि परतीला लागले. ते वळण आलं. तोच वेग, तोच गिअर. पाय ठेवला. आणि मागचं अंग उठलं. डाव्या बाजूनं उठलं. माझ्या कमरेला कळलं तेव्हा शेपूट सुटायला लागली होती. मी पाय काढला नाही, अहो. दात आवळून तिथेच ठेवला. गाडी रस्त्याच्या पार दुसऱ्या कडेपर्यंत घसरत गेली, मग सावरली आणि बाहेर पडली. मी ती काजूखाली उभी केली. मला तुमचा असा राग आला की काय सांगू. सगळा दिवस फुकट घालवलात, काट्यावर उभं केलंत, आणि केलंत काय? हे विचारायलाच मी डावीकडे वळले.

सीट रिकामी होती. तेव्हा कळलं.

उजव्या वळणात बाहेरचं चाक डावं, आणि तुम्ही बसायचात ते जवळजवळ त्याच्याच वर. कमान दोघांच्या वजनाला बांधली होती. एक वजन गेलं, ती उठली. तिचं काही चुकलं नव्हतं, तुमचं नव्हतं, माझ्या पायाचंही नव्हतं. घरात मी माणसांत बसून रडले होते, माणसांना बरं वाटावं म्हणूनही रडले होते. त्या काजूखाली मी एकटी रडले, मोठ्यानं, जाणाऱ्या ट्रकवाल्यांनी बघितलं तरी.

मग गाडी वळवून हुसेनभाईंकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं, गाडीला एक वळसा घातला आणि म्हणाले, "काकी, कमानीला हात लावाय नको. त्या सीटवर तांदळाची गोण बांधा. नानांच्या वजनाची. झालं."

सल्ला अगदी शहाण्या माणसाचा होता. तुम्ही असतात तर कुठला तांदूळ म्हणून विचारलं असतंत. पण तुमच्या जागी गोण बांधून मी या रस्त्यानं ये-जा करू? रोज ती चढवू, रोज उतरवू? मला ते जमणार नाही. आणि गाडी मुंबईला द्यायची नाही, हेही मला तिथेच, त्या क्षणी कळलं. मला ती चालवायची आहे. म्हटलं, "हुसेनभाई, गोण नको. आणखी काय काढायचं ते काढा. एकटीच्या वजनाला बांधा."

"मग शेजारी कोण बसलं तर मागनं फारच बसंल हो."

"कोणी बसणार नाही."

त्यांनी पाना उचलला. मग गाडीखाली गेले. काम होईपर्यंत मी बाकड्यावर बसून होते. चहा आला, मी घेतला. त्यांनी हाक मारली तशी जाऊन गाडीत बसले, पाय पॅडलवर, नजर समोर, तुम्ही शिकवलंत तशी. त्यांनी डाव्या चाकासमोर ओळंबा सोडला, दोरी थांबायची वाट बघितली, वाकून वर बघितलं, खाली बघितलं, परत वर बघितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काकी, वाईच हात उचला."

मला समजलं नाही. माझे हात स्टिअरिंगवर आहेत असंच मला वाटत होतं.

"शेजारच्या सीटवरला," हुसेनभाई हळूच म्हणाले. "त्याचं वजन पडतंय."

माझा डावा हात तुमच्या सीटवर होता, तळवा पसरून, चांगला दाबून धरलेला. कधीपासून होता ते मला माहीत नाही. हुसेनभाई दोरी धरून थांबले, घाई केली नाही. मी हात उचलला.